पलटणीची अर्धीच गोष्ट छापलीत, उरलेली पण छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या यादवी युद्धावर जी मालिका चालू आहे ती मी नेमाने वाचतो आणि परवाच्या भागात चक्क कोलोरॅडोच्या स्वयंसेवक पलटणीबद्दल आलं हे बघून खूप बरं वाटलं, कारण आपल्याकडे हे युद्ध म्हटलं की गेटिसबर्ग, लिंकन, जनरल ली, गुलामगिरी आणि संपलं. पार पश्चिमेला न्यू मेक्सिकोच्या डोंगरात पण कोणी लढत होतं हे कितीजणांना माहीत असतं? पण लेख संपला आणि मी पान उलटून बघितलं की पुढे आहे का काही, तर नाही. गोष्ट 1862 मध्येच थांबवली आहे. मेजर शिव्हिंग्टन हिरो, दक्षिणवाले पळाले, खाणकामगारांनी देश वाचवला, समाप्त. अहो, त्याच माणसाने अडीच वर्षांनी काय केलं त्याची एक ओळ तरी द्यायची. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, कापायचं तर खालचा भाग कापू नका, वरचा कापा.

मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस. मुलगी डेन्व्हरला असते, तिच्याकडे गेलो की दिवसभर घरात करायचं काय, म्हणून तिथली म्युझियमं, लायब्ररी असं फिरत असतो आणि त्यातून हा नाद लागला. आणि बँकवाला असल्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा लढाईकडे गेलंच नाही, गेलं ते ड्राफ्टांकडे. तुमच्या लेखकाने हा भाग एका वाक्यात उरकलाय, खरं तर सगळ्यात मजेदार तोच आहे.

कोलोरॅडो तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती, म्हणजे कारभार वॉशिंग्टनचा, गव्हर्नर प्रेसिडेंटने नेमलेला, काँग्रेसमध्ये मत नाही. टेरिटरी झाली 28 फेब्रुवारी 1861 ला आणि एप्रिलमध्ये युद्ध पेटलं. लोकसंख्या गोऱ्यांची जेमतेम तीस-पस्तीस हजार, त्यातले बहुतेक 1858-59 च्या सोन्याच्या गर्दीत आलेले आणि वरवरचं सोनं आटल्यावर रिकामे बसलेले. डेन्व्हरमध्ये एका दुकानावर तर दक्षिणेचा झेंडाच लागला होता काही काळ. नियमित फौज होती ती पूर्वेला बोलावून घेत होते. लिंकनने पहिला गव्हर्नर पाठवला विल्यम गिल्पिन म्हणून, त्याला पहिल्या दिवसापासून खात्री की दक्षिणेला मिळालेले टेक्सासवाले इकडे येणार. पलटण उभी करायची तर पैसा कुठून आणणार? पठ्ठ्याने सरळ अमेरिकेच्या ट्रेझरीवर ड्राफ्ट काढायला सुरुवात केली! मंजुरी नाही, लेखी ऑर्डर नाही, वॉशिंग्टनहून तोंडी सांगितलंय म्हणे. असे जवळजवळ पावणेचार लाख डॉलरचे ड्राफ्ट. डेन्व्हरच्या व्यापाऱ्यांनी ते घेऊन कपडे दिले, धान्य दिलं, घोडे दिले, गावाबाहेर कॅम्प वेल्ड नावाची छावणी बांधली. ड्राफ्ट वॉशिंग्टनला गेले तर ट्रेझरी म्हणाली आम्ही नाही ओळखत. गावात बोंबाबोंब. मी चाळीसेक वर्षं लोकांच्या सह्या तपासण्यात घालवली, मला हे वाचून घाम फुटला, आमच्यात कोणी असं केलं असतं तर चार्जशीटच. पुढे हिशेब तपासून बऱ्याच जणांना पैसे मिळाले पण तोवर गिल्पिनची खुर्ची गेली होती, आणि गंमत म्हणजे ती गेली 1862 च्या वसंतात, जेव्हा त्याचीच पलटण तिकडे जिंकत होती.

पलटण तरी कशी. फर्स्ट कोलोरॅडो, लोक तिला 'गिल्पिनची लाडकी कोकरं' म्हणायचे आणि ते काही कौतुकाने नव्हे. कर्नल जॉन स्लाऊ हा डेन्व्हरचा वकील. लेफ्टनंट कर्नल सॅम्युएल टॅपन (हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). मेजर जॉन शिव्हिंग्टन हा मेथडिस्ट पंथाचा मोठा पाद्री, धिप्पाड माणूस, त्याला पलटणीचा धर्मगुरू व्हायला सांगितलं तर म्हणाला मला प्रार्थनेचं नको, लढायचं पद द्या. हिवाळाभर ही मंडळी कॅम्प वेल्डला पगाराशिवाय बसून होती आणि गावच्या पोलिसांशी मारामाऱ्या करत होती.

तिकडे दक्षिणेचा जनरल सिबली टेक्सासहून अडीचेक हजार माणसं घेऊन रिओ ग्रांदे नदीने वर आला. त्याचा बेत काय तर न्यू मेक्सिको घ्यायचं, मग कोलोरॅडोच्या सोन्याच्या खाणी आणि जमलं तर पार कॅलिफोर्नियाची बंदरं. बंदरं कशाला हे आपल्याला मुंबईवाल्यांना सांगायला नको. लिंकनने दक्षिणेच्या किनाऱ्याला वेढा घातला म्हणून तिथला कापूस अडकला, आणि तो अडकला म्हणून आपल्या वऱ्हाड-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं, बॅक बे भरायच्या कंपन्या निघाल्या आणि 1865 ला युद्ध संपल्यावर सगळं धाडकन कोसळलं, जुनी बँक ऑफ बॉम्बे त्यातच पुढे बुडाली. आमच्या बँकेच्या ट्रेनिंगमध्ये हा किस्सा हमखास सांगायचे. म्हणजे सिबलीला खरंच पॅसिफिकवर बंदर मिळालं असतं तर आपल्याकडच्या काही शेठजींची झोप आधीच उडाली असती. असो, भरकटलो.

21 फेब्रुवारी 1862 ला न्यू मेक्सिकोत व्हालव्हर्दे इथे सिबलीच्या लोकांनी उत्तरेच्या कर्नल कॅनबीच्या फौजेला हरवलं. बरोबर दुसऱ्या दिवशी ही कोकरं डेन्व्हरहून निघाली. तिथून फोर्ट युनियन, म्हणजे न्यू मेक्सिकोतला उत्तरेचा किल्ला, चारशे मैल, म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये रटोन खिंड, बर्फ, समोरून बोचरा वारा, शेवटच्या टप्प्यात तर रात्रंदिवस चालत काढलं आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोचले. हे तुमच्या लेखकाने छान रंगवलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोर्टवर पोचल्यावर काय झालं ते राहिलं. तिथे कर्नल पॉल नावाचा मुरलेला फौजी होता, पण स्लाऊच्या कर्नलपदाची तारीख त्याच्या आधीची निघाली, झालं, वकीलसाहेब सिनियर! मग वरून हुकूम होता फोर्ट सांभाळा तर हा तेराशे माणसं घेऊन बाहेर पडला. आपल्या ऑफिसांत सिनियॉरिटी लिस्टवरून जे चालतं ते तिथेही चालायचं बघा.

26 मार्चला अपाची कॅन्यनमध्ये शिव्हिंग्टनने पहिली चकमक मारली. 28 ला ग्लोरिएटा खिंडीत मोठी लढाई. मोठी म्हणजे दोन्हीकडचे पन्नास-पन्नासच्या आसपास मेले, पूर्वेच्या मानाने काहीच नाही. पिजन्स रँचपाशी समोरासमोर जी लढाई झाली त्यात स्लाऊ मागेच हटत होता, संध्याकाळी मैदान टेक्सासवाल्यांकडे होतं. पण शिव्हिंग्टन चार-पाचशे माणसं घेऊन डोंगरावरून वळसा घालून मागे उतरला आणि दक्षिणेची सगळी रसदच हाती लागली, ऐंशीएक गाड्या, दारूगोळा, धान्य, पांघरुणं, सगळं जाळलं, शेकडो घोडे-खेचरं मारली. खाणार काय आणि लढणार कशाने? सिबलीला टेक्सासला परत जावं लागलं आणि त्या परतीच्या वाटेवर त्याची माणसं तहानेने, भुकेने, आजाराने गेली.

आता एक प्रश्न. त्या डोंगरावरून शिव्हिंग्टनला रस्ता कोणी दाखवला? लेफ्टनंट कर्नल मानुएल चावेस, न्यू मेक्सिको स्वयंसेवकांचा. त्याचं नाव तुमच्या लेखात नाही. न्यू मेक्सिको पण टेरिटरीच, तिथे पण स्वयंसेवक उभे केले होते, स्पॅनिश बोलणारे शेतकरी, मेंढपाळ, अमेरिकेचे नागरिक होऊन जेमतेम पंधरा वर्षं झालेले. नावाजलेला वाटाड्या किट कार्सन याची फर्स्ट न्यू मेक्सिको पलटण तर व्हालव्हर्देला लढली होती. हरल्यावर कॅनबीने रिपोर्टमध्ये खापर फोडलं ते बरंचसं याच स्थानिक स्वयंसेवकांवर आणि मिलिशियावर. कोलोरॅडोवाले वीर आणि हे भित्रे, असं जे चित्र तयार झालं ते तुमच्या लेखातही तसंच उतरलंय, लेखकाने मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण वाट दाखवणारा माणूस तरी मोजा ना.

आता खालचा भाग.

दक्षिणवाले गेले ते परत आले नाहीत. पलटणी मात्र राहिल्या. सेकंड कोलोरॅडो पूर्वेकडे गेली, 1863 च्या जुलैत हनी स्प्रिंग्जला ती कॅन्ससच्या काळ्या सैनिकांच्या पलटणीबरोबर लढली, हाही एक वेगळा लेख होईल. फर्स्ट कोलोरॅडोला घोडे देऊन कॅव्हलरी केली, स्लाऊने ग्लोरिएटानंतर लगेच राजीनामा दिलेला, शिव्हिंग्टन कर्नल झाला. आणि समोर उरले तिथले मूळ रहिवासी, शायेन आणि अरापाहो लोक. एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, ज्या फेब्रुवारी 1861 मध्ये कोलोरॅडो टेरिटरी जन्मली त्याच महिन्यात फोर्ट वाइजचा करार झाला, त्यात या लोकांची 1851 च्या करारातली जमीन जवळजवळ तेराव्या हिश्शावर आणली. काही मोजक्या प्रमुखांच्या सह्या घेऊन. बाकीच्यांनी मानलंच नाही, आणि का मानावं?

1864 च्या मे महिन्यात लीन बेअर नावाचा शायेन प्रमुख स्वयंसेवकांच्या तुकडीला भेटायला पुढे गेला, आदल्या वर्षी वॉशिंग्टनला जाऊन लिंकनला भेटून आलेला, गळ्यात शांततेचं मेडल, त्याला तसाच गोळ्या घातल्या. जूनमध्ये डेन्व्हरजवळ हंगेट नावाच्या कुटुंबाची हत्या झाली, नवरा, बायको, दोन लहान मुली, प्रेतं गावात आणून ठेवली, गाव पिसाळलं. नवा गव्हर्नर जॉन इव्हान्स, त्याने ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढला की नागरिकांनी शत्रू इंडियन्सना शोधून मारावं, लूट स्वतःकडे ठेवावी. आणि वॉशिंग्टनहून मंजुरी आणून नवी पलटण उभी केली, थर्ड कोलोरॅडो कॅव्हलरी, फक्त शंभर दिवसांसाठी.

शंभर दिवस! यातले बहुतेकजण कुठल्याच लढाईत नव्हते, आणि दिवस सरत आले तरी लढाई होईना म्हणून डेन्व्हरचे लोक त्यांना 'बिनरक्ताची तिसरी' म्हणून चिडवायला लागले. सप्टेंबरच्या शेवटी कॅम्प वेल्डलाच ब्लॅक केटल, व्हाइट अँटिलोप वगैरे प्रमुख बोलणी करायला आले, त्यांना घेऊन आला होता फर्स्ट कोलोरॅडोचा मेजर विन्कूप. तिथून ते लोक फोर्ट लायनजवळ सँड क्रीकवर जाऊन राहिले, आपण आता फौजेच्या आश्रयाला आहोत अशा समजुतीत. 29 नोव्हेंबर 1864 च्या पहाटे शिव्हिंग्टन सातशेच्या आसपास घोडेस्वार आणि तोफा घेऊन तिथे पोचला. ब्लॅक केटलने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावला, खाली पांढरं निशाण लावलं. तरी गोळीबार झाला. दोनशे तीसच्या आसपास माणसं मारली, त्यात बायका, मुलं, म्हातारे जास्त. नंतर प्रेतांचे जे हाल केले ते मी इथे लिहीत नाही, आणि ते तुकडे डेन्व्हरला आणून मिरवले.

त्याच मैदानात फर्स्ट कोलोरॅडोचे दोन अधिकारी होते, कॅप्टन सायलस सोल आणि लेफ्टनंट जोसेफ क्रेमर. यांनी आपल्या माणसांना गोळी चालवू दिली नाही. सोल हा ग्लोरिएटाच्या मोहिमेतला, म्हणजे लेखात ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्यात त्यांच्यातलाच! दोघांनी डिसेंबरमध्ये विन्कूपला पत्रं लिहिली, जे बघितलं ते सगळं. चौकशी बसली, तिचा अध्यक्ष कोण तर तोच आपला सॅम्युएल टॅपन. सोलने 1865 च्या फेब्रुवारीत साक्ष दिली, 1 एप्रिलला त्याचं लग्न झालं आणि 23 एप्रिलला डेन्व्हरच्या रस्त्यात त्याला गोळी घालून मारलं. मारेकऱ्याला शिक्षा झाली नाही. काँग्रेसच्या समितीने शिव्हिंग्टनला अतिशय कडक शब्दांत दोषी ठरवलं, पण तोवर त्याची फौजेतली मुदत संपलेली, कोर्ट मार्शल होऊ शकलं नाही. इव्हान्सला राजीनामा द्यावा लागला, बस एवढंच.

मी हे सगळं माझ्या बँकेच्या डोक्याने बघतो त्यामुळे एक गोष्ट राहून राहून सलते. पहिली पलटण बिनमंजुरीची होती, बोगस ड्राफ्टांवर उभी, कागद एकही धड नाही, आणि तिने समोर आलेल्या खऱ्याखुऱ्या शत्रूच्या फौजेला थोपवलं. तिसरी पलटण पूर्ण कायदेशीर, वॉशिंग्टनची मंजुरी, पगाराची सोय, सगळे कागद ओके, आणि तिने झोपलेल्या बायकामुलांवर तोफा लावल्या. मग फरक कागदाचा नव्हता. स्वयंसेवक होते म्हणून शूर, असंही नाही आणि स्वयंसेवक होते म्हणून रानटी, असंही नाही, सोल आणि क्रेमर पण स्वयंसेवकच होते. एका पलटणीला दक्षिणेशी लढायला उभं केलं होतं, दुसरीला मुळात माणसं मारून यायलाच उभं केलं होतं, तेही शंभर दिवसांत, आणि वर गाव चिडवत होतं. आणि दोन्हीकडे शिव्हिंग्टन होताच. ग्लोरिएटाला ज्याला वाहवा मिळाली त्याला तेवढ्याच वाहवेची भूक लागली होती असं मला वाटतं, पुरावा विचाराल तर नाही, माझं मत आहे. पुढे त्याला काँग्रेसवर निवडून जायचं होतं एवढं मात्र नक्की.

आणि हे एकट्या कोलोरॅडोचं नाही हो. न्यू मेक्सिकोचे तेच स्वयंसेवक, व्हालव्हर्देला भित्रे ठरवलेले, 1863-64 ला किट कार्सनच्या हाताखाली नावाहो लोकांवर पाठवले गेले, पिकं जाळली, मेंढ्या मारल्या, आठ हजारांवर लोकांना चालवत बॉस्क रेदोंदोला नेऊन डांबलं. कॅलिफोर्नियाच्या स्वयंसेवकांनी जानेवारी 1863 मध्ये बेअर रिव्हरला शोशोनी लोकांची कत्तल केली. पश्चिमेच्या पलटणी दक्षिणेविरुद्ध उभ्या राहिल्या आणि बहुतेक वापरल्या गेल्या त्या दुसरीकडेच. हा भाग वगळून यादवी युद्धाची मालिका कशी पूर्ण होणार?

तुम्ही म्हणाल दीडशे वर्षांपूर्वीचं कशाला उकरता. तिथेच अजून उकरणं चालू आहे. डेन्व्हरच्या कॅपिटॉलसमोर, म्हणजे राज्याच्या विधानभवनासमोर, 1909 मध्ये सैनिकाचा पुतळा उभारला, त्याखाली कोलोरॅडोच्या लढायांची यादी, त्यात ग्लोरिएटा पण आणि सँड क्रीक पण, एकाच पाटीवर. जून 2020 मध्ये लोकांनी तो पुतळा खाली ओढला, आता तो म्युझियममध्ये आहे. 2014 मध्ये गव्हर्नरने शायेन-अरापाहो वंशजांची माफी मागितली, 2021 मध्ये इव्हान्सचा तो जाहीरनामा रीतसर रद्द केला (तोवर कागदावर होता, कमाल आहे!), आणि 2023 ला त्याच्या नावाचं चौदा हजार फुटी शिखर माउंट ब्लू स्काय झालं. सँड क्रीकच्या जागेला मी गेलोय, डेन्व्हरहून तीनेक तासांचा रस्ता, कोरडं पात्र आणि कॉटनवुडची झाडं, बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही, पण तिथला रेंजर सोलचं पत्र वाचायला देतो. ती दोन्ही पत्रं सगळ्यांसमोर आली ती थेट 2000 साली.

काहीजण पुतळा पाडण्याला विरोध करतात, आमच्या जावयाचं पण तेच मत आहे, की ग्लोरिएटाला मेलेल्यांनी काय पाप केलं. बरोबर आहे त्याचं. त्यांचा वेगळा दगड असावा. न्यू मेक्सिकोत तो आहे, लढाईची जागा राखून ठेवलीये, तिथे 1987 मध्ये टेक्सासच्या सैनिकांचे सांगाडे सापडले त्यांनाही रीतसर पुरलं. वाद आहे तो एका यादीचा.

तर विनंती एवढीच की मालिकेत पुढच्या एखाद्या रविवारी याचा दुसरा भाग द्या, तुमच्या त्याच लेखकाने लिहिला तरी चालेल, त्यांची भाषा चांगली आहे. त्यात चावेस घ्या, सोल-क्रेमर घ्या, टॅपन घ्या, आणि गिल्पिनच्या ड्राफ्टांना निदान एक चौकट द्या, बँकवाले वाचक दुवा देतील. कॅपिटॉलसमोरच्या त्या पाटीचा, पुतळा उभा होता तेव्हाचा, फोटो माझ्याकडे आहे, फार काही भारी आलेला नाही, माझ्या नातवाचं डोकं आलंय मध्ये, पण अक्षरं वाचता येतात. हवा असेल तर मेल करतो.

आपला,
एक नियमित वाचक,
पुणे